कमोड कुठल्या भिंतीला?

"ही टेप धर आणि हलू नकोस," मिशीवाले म्हणाले.

चष्मेवाल्याने टेप धरली. नव्या इस्त्रीच्या शर्टात, भिंतीला नाक लावून, एका पायावर. मुलीचे वडील आधी नाव विचारतील, मग चष्म्यांचं दुकान कसं चाललंय ते विचारतील, अशी त्याची तयारी होती. इथे "कोण?" एवढाच प्रश्न आला, "अकराला बोलावलंय" हे उत्तर अर्धंच ऐकलं गेलं आणि त्याची रवानगी थेट फोडलेल्या बाथरूममध्ये झाली.

दार उघडलं होतं बादलीवाल्या काकांनी. किरकोळ अंगाचा, धुळीने पांढरा झालेला माणूस, हातात फुटक्या फरश्यांची बादली. "आत आहेत का?" असं चष्मेवाल्याने विचारलं, तेव्हा काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मानेनेच बाथरूमकडे खूण केली.

ती बारापर्यंत येणार होती. हॉस्पिटलच्या लॅबमधलं काम लांबलं होतं. "तोवर बाबांशी गप्पा मार," असा तिचा निरोप होता. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. बाबा हो म्हणाल्याशिवाय ती लग्नाची तारीख ठरवणार नव्हती, हे तिने पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं होतं. बाबांचा एकच फोटो त्याने पाहिला होता, तोही वीस वर्षांपूर्वीचा. त्यात मिशी होती. समोरची मिशी तेव्हापासून चांगलीच फोफावलेली दिसत होती.

"मला कमोड इथे हवाय, खिडकीखाली," मिशीवाले गरजले. "उजेड येतो, ऐसपैस वाटतं. शॉवर तिकडे दाराजवळ. काय?"

"फारच छान."

"बेसिन मधल्या भिंतीला."

"उत्तम."

"आणि गीझर बेसिनच्या डोक्यावर."

"वा!"

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही खोटं नाही. मिशीवाल्यांनी गीझर जिन्यात लावतो म्हटलं असतं, तरी तो वा म्हणाला असता.

बादलीवाले काका दारात थबकले. "ड्रेनेजचा उभा पाइप दाराकडच्या भिंतीबाहेर आहे," ते हळूच म्हणाले. "कमोड खिडकीखाली नेला, तर उतार द्यायला सगळी जमीन वर घ्यावी लागेल. दाराशी पायरी होईल."

"अहो, होऊ दे की! सहा इंचांची तर पायरी. पाय उचलून जायचं. तुम्ही त्या बादल्या बघा बरं."

काका बादल्या बघायला गेले. मिशीवाले कामाच्या माणसालाही अहोजाहो करतात, हे चष्मेवाल्याला आवडलं. त्यांचा सूर मात्र आवडला नाही.

थोड्या वेळाने काकांनीच चहा करून आणला. कप दोनच होते. मिशीवाल्यांनी आपला उचलला आणि दोन घोटांत संपवला. चष्मेवाल्याने एक बादली उपडी घालून काकांना तिच्यावर बळेच बसवलं आणि आपल्यातला अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्या हातात दिला. त्यांच्या गळ्यात दोरीला चष्मा लोंबत होता. सवयीने त्याने तो रुमालाने पुसला, डोळ्यांपुढे धरला. दुहेरी भिंगांचा होता.

झालं. आता त्याला गप्प बसवेना. बोललं तर सगळं फिसकटणार होतं. तिचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि तरी तो बोललाच.

"काका बरोबर सांगतायत. पायरी नको."

मिशीवाल्यांनी सावकाश मान वळवली. "काय म्हणालास?"

"माझ्या दुकानात दर आठवड्याला कुणीतरी पडून मोडलेला चष्मा घेऊन येतं. असल्या भिंगांतून खाली बघितलं की पायरी दिसते एकीकडे आणि असते भलतीकडेच. त्यात पाय ओले. या घरात कुणीतरी म्हातारं होणारच ना?"

"इथे मी सांगेन तसंच होणार!"

"मग चुकीचं होणार," तो बोलून गेला.

हातातोंडाशी आलेला घास गेला, हे त्याला कळून चुकलं. रडू यायचंच काय ते बाकी होतं. पण जायचंच आहे, तर निदान कमोड तरी धड जागी बसवून जावं, असं त्याला वाटलं. त्याने जमिनीवर गुडघे टेकले. नव्या पँटचा निकाल लागला. काकांनी खिशातून खडू काढून दिला आणि तेही शेजारी उकिडवे बसले.

"कमोड दाराकडे घे, बाहेरच्या पाइपाला लागून," काका म्हणाले. "शॉवर खिडकीखाली जाऊ दे. त्याचं पाणी बारक्या पाइपातून जातं, त्याला जमिनीखाली इतकी जागा लागत नाही."

दोघांनी मिळून आखलं. मिशीवाले हाताची घडी घालून बघत राहिले. मग खाली वाकले, टेप लावली, पुन्हा लावली, मिशी ओढली.

"हातभर पाइप पुरतोय की!" ते म्हणाले. "जमिनीला हातच लावायला नको!" आणि खदखदा हसत त्यांनी चष्मेवाल्याच्या पाठीत अशी थाप मारली, की तो भिंतीवरच गेला. "भलताच कामाचा निघालास रे! मला तोंडावर चूक दाखवणारा माणूस किती दिवसांनी भेटला!"

चष्मेवाल्याचा आनंद गगनात मावेना. ती येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण आता कसलं थांबणं! त्याने गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि मिशीवाल्यांपुढे हात जोडले.

"मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय."

टेप मिशीवाल्यांच्या हातातून सुटली.

"माझ्या मुलीशी? अरे, ती दुसरीत आहे!"

पुन्हा उपड्या बादलीवर जाऊन बसलेल्या काकांना हसू आवरेना. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "अहो, प्लंबरला काय विचारताय, जावईबापू? इकडे वळा."