लाल बटण

घरातल्या शांततेत मिक्सर घरघरला आणि ती दचकून स्वयंपाकघरात धावली. स्टुलावर चढलेल्या लेकीने लगेच बटण दाबून तो बंद केला.

"घाबरू नकोस गं आई. बटण दाबलं की थांबतं. मामाने शिकवलंय."

ती शिकवायची त्याच इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा धाकटा भाऊ शेवटच्या वर्षाला होता. मानांकन समिती येणार म्हणून वर्कशॉपमधल्या जुन्या लेथ मशीनला रंग लागला आणि त्यावर आणीबाणीचं लाल बटणही बसलं.

"सर, याची वायर जोडायची राहिलीय," तिने विभागप्रमुखांना सांगितलं होतं.

"मॅडम, समिती बटण बघते, दाबत नाही. जोडू सावकाश."

समितीने नेमकं तिच्या भावालाच विचारलं, "बाही मशीनमध्ये अडकली तर काय कराल?"

"आधी लाल बटण दाबायचं, सर."

'विद्यार्थ्याला यंत्रावर सुरक्षितपणे काम करता येते' या उद्दिष्टाला पूर्ण गुण मिळाले. घरी आल्यावर स्वारी भाव खात होती. "ताई, तुमच्या कॉलेजची अब्रू मी राखली हं. आता पार्टी काढ."

पुढच्याच आठवड्यात लेथमध्ये त्याची बाही अडकली. सांत्वनाला आलेले त्याचे मित्र रडत एकच सांगत राहिले, कोणी मेन स्विचपर्यंत पोचेपर्यंत तो लाल बटणच दाबत होता.

तिने लेकीला स्टुलावरून उचलून घट्ट जवळ घेतलं.

 

"आई, मामाने तर बटण दाबलं होतं ना? मग त्याचं मशीन का नाही थांबलं?"