आधी समोरच्याचं म्हणणं

"यांच्या मते," पास्टर प्रफुल माइकवर म्हणाले, "बाप्तिस्मा न घेता मेलेलं लेकरू नरकात जाते. सरळ नरकात."

नव्या मंडळीचे लोक हसले. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

मुलचेऱ्याकडच्या त्या गावात ख्रिस्ती घरं एकवीस, आणि तेवढ्यातही मंडळ्या दोन. जुनी मंडळी तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देते. नवी म्हणते, जाणत्या वयात विश्वास धरावा आणि तलावात बुडी घ्यावी. यावरच दुपारी समाजमंदिरात वाद ठेवला होता. अट एकच, आणि ती गावातल्या ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, जुनी. तलावाचं भांडण निघालं की उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो "हो, असंच" म्हणाला तरच पुढं बोलायचं. दोन्ही मंडळ्यांनी ही अट कबूल केली होती, पास्टरांनीही.

जुन्या मंडळीकडून मुखरूभाऊ बोलले. दिवसभर जाळं टाकणारा माणूस, अहेरीचे पाळक येत नाहीत त्या रविवारी उपासना चालवतो. त्यांनी अट पाळली. पास्टरांनी दोनदा "नाही" म्हटलं, मुखरूभाऊंनी दोनदा सुधारून सांगितलं. त्यांचा निम्मा वेळ त्यातच गेला.

नव्या मंडळीकडून बोलणारे पास्टर चंद्रपूरहून आलेले, शास्त्र शिकलेले. त्यांनी मुखरूभाऊंचं म्हणणं त्या एका वाक्यात उरकलं आणि "हो"ची वाटही न पाहता पुढं निघाले. मुखरूभाऊ उभे राहून "नाई, नाई" म्हणत होते, ते माइकपुढं कुणाला ऐकू येणार? अडाणी माणूस चुकला तर समजून घेता येतं. जुन्या मंडळीची शिकवण काय आहे हे पास्टरांना पक्कं ठाऊक होतं. संताप येतो तो याचाच.

मागच्या ओळीत रुपाली बसली होती. ती जुन्या मंडळीची. तिची मुलगी गेल्या वर्षी अकरा दिवसांची होऊन गेली. पाळक बाप्तिस्म्याला निघाले होते, पण नाल्याच्या पुरानं दोन दिवस पलीकडंच अडकले. ते पोचले तेव्हा मातीच द्यायची राहिली होती. त्यानंतर या गोष्टीबद्दल तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं. आता ते हसू ऐकून तिला वाटलं, आपल्यापासून सगळ्यांनी लपवून ठेवलेलं आज बाहेर आलं.

ती उठली. "मुखरूभाऊ, आपुन असं मानतो का? मंग मले कोणी काऊन नाई सांगितलं?"

हसू थांबलं.

"नाई बाई," मुखरूभाऊ म्हणाले. "आपुन कधीच असं नाई मानलं."

पास्टरांना तिची गोष्ट ठाऊक नव्हती, हे खरं. पण एवढं पाहूनही थांबावं की नाही? ते म्हणाले, हे लोक तोंडानं तसं म्हणणार नाहीत, तरी यांच्या शिकवणीचा अर्थ शेवटी तोच निघतो. आवाजात कीव आणून म्हणाले.

रुपाली खाली बसली.

तेव्हा गिरजाबाई पुढं आली. ही रुपालीची सासू, आणि नव्या मंडळीतली पहिली बाई. पास्टरांना बोलावणं तिनंच धाडलं होतं, सकाळी जेवायलाही तिनंच वाढलं होतं. सासू-सून रविवारी घरातून एकत्र निघायच्या आणि वळणावरून दोन दिशांना जायच्या. त्यावरून घरात कधी वाजलं नव्हतं.

"पास्टरजी, तुमी अट मोडली."

पास्टर हसून म्हणाले, बाई, आपण तर एकाच बाजूचे.

"म्हणूनच बोलून राह्यली. मी तलावात बुडी घेतली. उद्या कोणी विचारलं तरी तेच बरोबर म्हणीन. पण आपलं खरं होतं, तर मंग खोटं काऊन लागलं?"

कुणी टाळी वाजवली नाही. नव्या मंडळीतल्या एकानं तिला पदराला धरून बसवायला पाहिलं, तिनं पदर हिसडला. पास्टरांनी घड्याळ पाहिलं, वेळ संपत आल्याचं सांगितलं. गिरजाबाई तसूभर हलली नाही. मुखरूभाऊंचं म्हणणं त्यांच्यासारखं सांगितल्याशिवाय इथून कोणी उठायचं नाही, एवढंच ती म्हणाली.

पास्टरांनी एकदा सांगून पाहिलं. मुखरूभाऊंनी "नाई" म्हटलं. दुसऱ्यांदा सांगितलं, तेही "नाई". तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, विचारलं. मुखरूभाऊंनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून समजावलं. भर सभेत शिकलेला माणूस ऐकत उभा राहिला. मग मान खाली घालून, अगदी हळू, त्यांनी ते म्हटलं.

"यांच्या मते पाणी ही देवाच्या वचनाची खूण आहे. खूण राहून गेली म्हणून देव लेकरू सोडत नाही. ते त्याच्याजवळच आहे."

मुखरूभाऊ "हो" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात रुपाली पुन्हा उभी राहिली.

"मघाशी सारे हसले ते माइकवर, मोठ्यानं सांगितलं होतं तुमी," ती म्हणाली. "आता हेबी तेवढ्याच मोठ्यानं सांगा."