भिंगरीचं कुंपण

दीपाली कुंपणाबाहेर उभी राहून हाका मारत होती आणि आत कुणी ओ देत नव्हतं. फाटकाच्या जागी काटेरी फांद्यांचा झापा होता, तोही आतून सुंभानं बांधलेला. हात घालायला जावं तर कोपरापर्यंत ओरखडे. शेवटी तिनं स्कूटीचा हॉर्न दाबून धरला, तेव्हा कुठं तिचे वडील धुळाप्पा बाजेवरून उठले. लेकीला आत घेण्याआधीच म्हणाले, "बघ कुंपण. लांडगा आला तरी त्वांड फोडून घिऊन माघारी जाईल."

"लांडगा कुठनं येतोय आण्णा आता?"

"म्हणून बेसावध ऱ्हायचं व्हय?"

तोवर भिंगरी दीपालीच्या पायांभोवती फेर धरून, तिची ओढणी ओढून, पाण्याच्या बादलीत तोंड घालून परतही आली होती. मांजराएवढी कुत्री, पण एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. तुळजापुरात दीपालीच्या घरमालकानं कुत्रं चालणार नाही म्हणून सांगितलं आणि तिची रवानगी अणदूरला झाली. पहिल्या दिवशी "हे कुत्रं हाय का खेळणं?" असं विचारणारे धुळाप्पा आता तिला घोंगडीत घेऊन निजत होते. पण घरापुढून रस्ता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि फिरतं चाक दिसलं की भिंगरीला राहवत नसे. मागच्या आठवड्यात एका ट्रॉलीखालून जेमतेम वाचली. तेव्हा दीपालीनं फोनवर निक्षून सांगितलं होतं की रविवारी येते, अंगण पक्कं बंद दिसलं तर ठीक, नाहीतर भिंगरी सोलापूरला मैत्रिणीकडं जाईल. आज ती स्कूटीला झाकणाची टोपली बांधूनच आली होती.

आईनं, बानूबाईंनी, ती टोपली पाहिली आणि चहात साखर घालायचं विसरून गेल्या.

"मी तारेची जाळी सांगितली होती आण्णा," दीपाली म्हणाली. "खाली सिमेंटात बसवलेली. ही उकरती."

"जाळीला काय कळतंय? आमी जलमभर मेंढरं राखली. असल्या कुंपणातनं एक कोकरू भाईर गेलं न्हाय."

कुंपण देखणं होतं, खोटं कशाला बोला. बाभळीच्या फांद्या एकीत एक गुंतवलेल्या, बुडखे आत, काटे बाहेर. एकही काटा अंगणाकडं वळलेला नव्हता. म्हातारा त्यात मन लावून राबला होता.

तेवढ्यात रस्त्यानं एक मोटरसायकल गेली. भिंगरीचे कान उभे राहिले. ती सरळ कुंपणाकडं सुटली, दोन बुडख्यांच्या मधे नाक घातलं, अंग चपटं केलं आणि सुळकन पलीकडं गेली. काटे बाहेरच्या बाजूला कललेले. जाणारीला त्यांनी अडवलंच नाही.

"भिंगरे!" बानूबाई ओरडल्या.

धुळाप्पा झाप्याकडं धावले. सुंभाची गाठ त्यांनीच मारलेली, पण आता त्यांच्याच बोटांना सुटेना. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज जवळ येत चालला होता. दीपालीनं डोळे गच्च मिटून घेतले.

ट्रॅक्टर गेला. धूळ खाली बसली. मग कुंपणापलीकडून बारीक कुंईकुंई ऐकू आली.

भिंगरी परत आली होती. मोटरसायकल काही हाती लागली नाही, ट्रॅक्टर बघून पाचावर धारण बसली, आणि आता तिला घरात यायचं होतं. ती कुंपणाला नाक लावी, काटा टोचला की मागं सरे, पुन्हा दुसरीकडं नाक लावी. बाहेरच्याला आत घ्यायचं नाही, हे आपलं काम कुंपण चोख बजावत होतं.

गाठ सुटली. भिंगरी आली ती थेट धुळाप्पांच्या धोतरात शिरली.

"मेंढरू काय, भाईर जायाचं नावच घेत न्हाय," बानूबाईंनी डोळे पुसत नवऱ्याला सुनावलं. "ही मेंढरू हाय व्हय? तुमच्या लेकीवर गेलीया."

 धुळाप्पा भिंगरीच्या नाकात मोडलेला काटा नखानं काढत बसले. दीपाली उठली आणि स्कूटीची टोपली सोडायला लागली. ते पाहून त्यांचा हात थांबला.

"नको निऊ, बाय," ते म्हणाले. "ही गेली तर मला करमायचं न्हाय."

"नेत नाही हो. आई भाकरी देणार असेल, त्या ठेवायला सोडतेय." दीपालीला हसू आलं. "पण जाळी?"

"आण तुझी जाळी. सिमेंटात बसवू. काटं भाईरनं ऱ्हाऊ दे."

"आणि झापा काढायचा. लोखंडी फाटक."

"बसव की."

ऊन कलल्यावर दीपाली निघाली. टोपलीत ज्वारीच्या भाकरी आणि शेंगांची चटणी होती. भिंगरीला बगलेत घट्ट धरून धुळाप्पा रस्त्यापर्यंत आले.

"दीपे, फाटकवाल्याला एक सांग. कडीला भाईरनं हात पोचंल अशी बसव म्हणावं."

"बाहेरून? मग बंद करून उपयोग काय आण्णा?"

"भिंगरीला कडी काढता येत न्हाय," धुळाप्पा म्हणाले. "तुला येती."