कमरेत वाकून

कुस्तीच्या रिंगमध्ये मी एकोणीस वर्षं काळकूट टोळीचा खलनायक होतो. माझी खोडी एकच. हरल्यासारखं दाखवून समोरच्यापुढे कमरेत वाकायचं, आणि त्यानेही सवयीने मान झुकवली की त्याच मानेवर घडीची खुर्ची हाणायची. आपल्या जपानात समोरचा वाकला की वाकल्यावाचून राहवत नाही, त्यावर माझं घर चाललं.

यंदा माझ्याच मानेचा मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, "बस करा आता, गोन्दासान." म्हणून काल कोकुराच्या हॉलमध्ये मी निवृत्त झालो. निरोपाचे घंटेचे दहा टोल पडले. इतकी वर्षं माझा मार खाल्लेला त्सुरुमाकी फुलं घेऊन रिंगमध्ये आला. मी सगळ्यांपुढे कमरेत वाकलो. एकदा तरी खरं वाकायचं होतं.

कुणीच वाकलं नाही. पहिल्या रांगेने तर डोक्यावर पिशव्या धरल्या. मला रडू फुटलं, तशी मागून एक म्हातारी ओरडली, "मेल्या, रडायला कधी शिकलास?" सगळा हॉल हसला.

मी वाकल्या वाकल्याच त्सुरुमाकीला कुजबुजलो, "अरे, आज खरंच संपलं. तू तरी वाक."

"कुणाला पटणार आहे ते, दादा?" तो हळूच म्हणाला. "हाणा पटकन, लोक खोळंबलेत."



मग टोळीतल्या कुणीतरी सवयीने आत टाकलेली खुर्ची त्याने पायाने माझ्याकडे सरकवली, आणि माझ्यापुढे अगदी अदबीने वाकला.