कूस बदलताना

कॉलेजच्या दाराला नवं कुलूप होतं. काचेवरची पाटीही काढून नेलेली. लंडनमधल्या इल्फर्डच्या हाय रोडवर चिकनच्या दुकानावरचे दोन मजले, एवढंच ते कॉलेज. केअरचा, म्हणजे आजारी-वृद्धांच्या देखभालीचा डिप्लोमा करायला नागपूरहून आलेली वैजयंती दार ढकलत राहिली.

"ते गेले," दुकानदार बाहेर येऊन म्हणाला. "होम ऑफिसने परदेशी विद्यार्थी घ्यायचं लायसन्स काढून घेतलं म्हणे."

आता व्हिसाच्या नियमाने दोन महिन्यांत दुसरं कॉलेज मिळालं नाही, तर नागपूरला परत जावं लागणार होतं. ती तडक बस पकडून सरकारी कॉलेजात गेली. रिसेप्शनवरच्या बाईला तिचं रडवेलं इंग्रजी कळेना. तिने आतून मीनल मॅडमना बोलावलं. मीनल तिथे केअर शिकवायची. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी अडखळतं.

"तुझा कॉलेज बंद झाला? सांगितला नाही कोणी?"

"नाही. मॅडम, मला इथे घ्या ना. कुठल्याही वर्गात."

"ओव्हरसीज स्टुडंटची ॲडमिशन सप्टेंबरला. माझा हातात नाही गं, सॉरी." मग थांबून तिने विचारलं, "तिकडे काय शिकवला?"

"हजेरीची सही करून घरी जायचो. सर आलेच तर स्लाइड्स दाखवायचे."

"आणि प्रॅक्टिकल?"

वैजयंतीने नकारार्थी मान हलवली. मीनल वळली तेव्हा वैजयंतीने तिचं मनगट घट्ट धरलं. "आजचा एक तास तरी बसू द्या. फक्त एक."

वर्गात हॉस्पिटलसारख्या खाटा होत्या, पेशंटला उचलायचं यंत्र होतं, हात धुवायला बेसिन होतं. वैजयंती दारातच थबकली. "हे रोज असतं?" तिने विचारलं. मीनलला पेशंट म्हणून कुणीतरी झोपायला हवं होतं. वैजयंती लगेच बूट काढून खाटेवर आडवी झाली.

ट्रेसी नावाची पिकल्या केसांची विद्यार्थिनी खाटेजवळ आली आणि तिने सरळ वैजयंतीच्या खांद्याला हात घातला.

"नो, ट्रेसी," मीनलने तिला थांबवलं आणि वर्गाला इंग्रजीत सांगितलं, "आधी सांगायचं. मगच हात लावायचा. तिचं शरीर आहे, तिला कळायला हवं काय होणार आहे ते."

ट्रेसी ओशाळली. खाली वाकून हळू म्हणाली, "मी आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार आहे. चालेल ना?"

वैजयंतीने होकार दिला. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. ती अलगद भिंतीकडे वळली. हुंदक्यांनी तिची पाठ गदगदायला लागली तसे ट्रेसीने घाबरून हात काढून घेतले.

मीनल खाटेशी बसली. "दुखला का?"

वैजयंतीने उशीतच नकारार्थी मान हलवली. मग डोळे पुसून ती पुन्हा पाठीवर वळली.

"त्यांना पुन्हा करायला सांगा," वैजयंती म्हणाली. "आधी विचारायचं तेही."