संध्याकाळचा इरादा

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टाने गाडीत बसवायला लावलेल्या नळीत भालचंद्र नलावड्यांनी पुन्हा फुंकलं; फुंकर पास झाल्याशिवाय गाडी सुरूच होत नसे. गाडी म्हणाली, "आत्ता प्यायलेले नाही आहात. संध्याकाळचा इरादा मात्र आहे."

"अहो, बारशाला आत्याच नसेल तर माझ्या भाचीच्या कानात नाव कोण सांगणार?" शेजारून कुमुदिनीबाई कडाडल्या. "पाळणा खोळंबलाय तिकडे!"

"इरादा नाहीये गं."

"मग फुंका ना!"

गाडी ढिम्म. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. घामाघूम भालचंद्र हळूच म्हणाले, "शशी, कपाटामागची आपली बाटली मोरीत ओत. आत्ता, मला ऐकू येईल अशी."

घळघळ थांबल्यावर त्यांनी पुन्हा फुंकलं. गाडी सुरू झाली.

"इरादा मावळला," ती म्हणाली. "दुःख मर्यादेबाहेर आहे. सावकाश चालवा."