अकरा मासे

काचेच्या पेटीत अकरा मासे होते. आठ नारिंगी, दोन काळे, एक पांढरा. पांढऱ्याचं शेपूट डावीकडे जरा फाटलेलं होतं. थोरल्याने खूण म्हणून ते लक्षात ठेवलं होतं. धाकटा मेलेले मासे गुपचूप बदलत असणार, अशी त्याची खात्री होती. पण एकेचाळीस दिवस झाले, पांढरा तोच होता.

पेटी धाकट्या भावाच्या कारखान्याच्या फाटकाशी होती. तिच्यातलं पाणी त्याच कारखान्यातून बाहेर पडणारं, टाकीत शुद्ध केलेलं. येणारा-जाणारा थांबायचा, वाकून बघायचा, कौतुक करायचा. पेटीशेजारी एक खुर्ची होती आणि खुर्चीत बाबा.

सल खरा त्या खुर्चीचा होता. बाबांनी एका कारखान्याचे दोन केले, मधे भिंत घातली, तेव्हाच सांगून टाकलं होतं: खुर्ची एक दिवस थोरल्याच्या फाटकाशी, एक दिवस धाकट्याच्या. सहा वर्षं त्यात खाडा झाला नाही. मग मासे आले. खुर्ची त्यांच्यापाशी गेली ती परत आलीच नाही.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना काम एकच. नट-बोल्ट आम्लात बुडवून गंज काढायचा, जस्ताचा मुलामा चढवायचा, धुवायचे. धुण्याचं पाणी मागच्या ओढ्यात जायचं. ते दिसायला नितळ असतं. त्यात काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, पीएच पट्टीला कळतं: आम्लात लाल, साध्या पाण्यात हिरवी.

मागच्या वर्षी धाकटा सांगायला आला होता. "दादा, खाली ओढ्यावर बायका कपडे धुतात. हातांना फोड येतायत त्यांच्या. मी टाकी बांधतोय. तुझाही पाइप जोडून घेऊ का? खर्च माझा."

"तू धंदा करतोयस की धर्मशाळा चालवतोयस? माल चोख द्यायचा, चार पैसे कमवायचे. बाकी जगाचा मक्ता आपण नाही घेतलेला. माझ्या पाइपला हात लावलास तर याद राख."

धाकटा गेला आणि त्याने टाकी बांधली. त्याच सुमारास दोन्ही कारखान्यांची मागची बाजू चार दिवस खणून ठेवली. भिंतीला ओल येतेय, म्हणाला. थोरल्याने स्टुलावर चढून भिंतीपलीकडे पाहिलं आणि नजरेनेच टाकीचं माप घेतलं. धाकट्याचं पाणी दिवसाला पाच हजार लिटर. टाकी दहा हजारांची.

"गरजेच्या दुप्पट!" तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "नुसता देखावा."

"असेल. पण तुम्ही स्टुलावर चढलात कशाला?" ती म्हणाली.

आज सकाळी त्याने आपल्या धुण्याच्या पाण्याच्या हौदात पट्टी बुडवून पाहिली होती. लाल. दोन. एवढ्या आम्लात मासा दहा मिनिटंही काढत नाही. पण तिथूनच कॅन भरावा तर हौदापाशी फोरमन उभा होता आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत थोरला मागच्या बाजूने ओढ्यात उतरला. काठावर पाइपांची दोन तोंडं होती. डावं त्याचं, उजवं धाकट्याचं. डाव्याखाली त्याने कॅन धरला. सहा वर्षांत तो इथे पहिल्यांदाच आला होता.

फाटकाशी बाबा मान टाकून डुलकी घेत होते. पेटीत बारा लिटर पाणी होतं. त्याने आठ ओतलं. पेटीतला आकडा तीनच्या खाली यायला हवा होता. मासे धारेखाली गोळा झाले आणि तोंडं उघडून धार चाखू लागले. त्यांना वाटलं, खायला आलं.

थोरल्याने घड्याळ लावलं. दोन मिनिटं. पाच. पांढरा तळाशी गेला तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी हललं. ते आनंदासारखं नव्हतं. पांढऱ्याने तळाचा एक खडा तोंडात धरला, थुंकला आणि पुन्हा वर आला.

"पाणी घातलंस का रे?" बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

थोरला दचकला. "कमी झालं होतं जरा."

"कुठलं घातलंस?"

खोटं पटकन सुचलं नाही. "आमचंच. आमच्या पाइपचं."

"मग काळजी नाही."

दहा मिनिटं झाली. बारा झाली. बाबांनी एक डोळा उघडला आणि त्याच्या हातातल्या कॅनकडे पाहिलं.

"काय रे थोरल्या, त्याने टाकी दुप्पट का बांधली, हे कधी विचारलंस त्याला?"

थोरल्याने फाटकातून आत, मागच्या बाजूकडे पाहिलं. खणलेल्या जागेवर आता गवत उगवलं होतं. गवताची ती पट्टी त्याच्या हौदाच्या बाजूने भिंतीखालून निघून सरळ धाकट्याच्या टाकीपर्यंत गेली होती, आणि तिथून वळून ओढ्याकडे, त्याच्याच पाइपाच्या तोंडाकडे.

कॅनच्या तळाशी पेलाभर पाणी उरलं होतं. त्याने खिशातून एक पट्टी काढली, पाण्यात बुडवली, तीस सेकंद थांबला आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली.

हिरवी. सात.